बारावीत राहण्याची पात्रता

शिक्षण माणसाला पुढे नेते, हे सर्वमान्य आहे. परंतु सगळेच विद्यार्थी पुढे गेले तर महाविद्यालयाच्या संघात उरणार कोण, याचा विचार आपल्याकडच्या शिक्षणतज्ज्ञांनी केलेला दिसत नाही. तो आमच्या जिमखाना समितीने केला. मी त्या समितीचा चिटणीस होतो (विषय: पुस्तपालन, खेळाशी संबंध: नाही). १९८८ ते १९९१ या काळात समितीने जे मौलिक कार्य केले त्याची दखल कोणी घेतली नाही, म्हणून ती मीच घेत आहे.

आमचे महाविद्यालय उल्हासनगर कॅम्प एकमध्ये. त्याचे नाव इथे देत नाही. त्यात चेअरमनसाहेबांचे वडील, आई आणि एक काका आहेत, आणि फाटकावरची पाटी वाचता वाचता रिक्षा पुढे निघून जाते. त्या काळी आमच्या पट्ट्यात अशी तीन महाविद्यालये होती: एक आमचे, एक अंबरनाथ पश्चिमेला आणि एक बदलापुरात हेंद्रेपाड्याला, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. तिन्हींचे निकाल सारखेच लागत, त्यामुळे निकालाचा विषय कोणीच काढत नसे. मग पालकांनी निवड करायची कशावरून? मुलींच्या कबड्डीच्या शील्डवरून. ती वर्षानुवर्षे अंबरनाथकरांकडे होती. त्यांनी ती प्रवेशाच्या खिडकीशेजारीच काचेच्या कपाटात ठेवली होती.

आमचे चेअरमन लधाराम शेठ यांचा इलॅस्टिकचा कारखाना. एकदा कशाच्या तरी उद्घाटनाला अंबरनाथला गेले असता त्यांनी ते कपाट पाहिले आणि दुसऱ्या दिवशी समितीची बैठक बोलावली.

"साईं, वो शील्ड अपने को मंगता," शेठ म्हणाले. "कैसे भी. पढाई-लिखाई मेरे को नहीं समझती. तुम लोग प्रोफेसर हो, तुम देखो."

एवढ्या विश्वासाने कोणी प्रोफेसर म्हटल्यावर माणसाला नाही म्हणवत नाही. प्राचार्य देवधरांनी आमचे क्रीडाशिक्षक धोंडिबा पाटील यांच्याकडे पाहिले. पाटील सर बारवी धरणाच्या बाजूचेच. ते म्हणाले, धरणाच्या वरच्या अंगाला एका आश्रमशाळेत नवसी मेंगाळ म्हणून ठाकराची पोरगी आहे. "घोटा धरला ना सर, की सोडीत नाय. समोरची रडते, पण ही सोडीत नाय." मग आवाज खाली आणून त्यांनी असेही सांगितले की, ती यंदा दहावी पहिल्या फटक्यात पास झाली आहे. हा दोष त्या वेळी कोणालाच गंभीर वाटला नाही.

गुणवत्ता कुठेही दडलेली असो, तिच्यापर्यंत पोचायचेच, हे तिन्ही महाविद्यालयांचे ब्रीद असल्यामुळे तिच्या वाडीवर आमच्या आधीच दोन प्रस्ताव पोचले होते. अंबरनाथकरांनी फी माफ केली होती आणि वर नवी सायकल देऊ केली होती (वाडीला रस्ता नाही). हेंद्रेपाड्याने फी माफीसह मुलीच्या बापाला शिपायाची नोकरी देऊ केली होती, सध्याचा शिपाई निवृत्त होताच (सध्याचा शिपाई तेवीस वर्षांचा). यापुढे जायचे म्हणजे शब्द नव्हे, वस्तू हव्यात, असे समितीने ठरवले. फी माफी, ट्रॅकसूट, प्रेशर कुकर, रोज दोन अंडी आणि शेठच्या गोदामाच्या माळ्यावर राहण्याची सोय, असा आमचा प्रस्ताव तयार झाला. रिकाम्या हाताने जाणे बरे दिसत नाही म्हणून मी मुलीच्या आईसाठी साडी, एक नारळ आणि साखर घ्यायला सुचवले. ही सूचना माझी होती, हे नम्रपणे नमूद करतो.

गाडी जिथे थांबली तिथून आम्ही चालत निघालो. शेठ सफारी सुटात होते. वाडीवर पोचताच बरीच धावपळ झाली. घोंगडी अंथरली, चार जाणती माणसे गोळा झाली, कोरा चहा आला. बाहेरगावची माणसे साडी, नारळ आणि साखर घेऊन दारात येऊन बसली आणि घरच्या पोरीची तारीफ करू लागली, तर त्याचा त्या वाडीत एकच अर्थ होतो. आम्हाला तो ठाऊक नव्हता. पाटील सर मागे राहून कुकर उचलून आणत होते.

नवसीचा चुलत आजा वाळूबाबा सगळ्यांत वडील. त्याने शेठना विचारले, "पोऱ्या काय करतो?"

चौकशी आपल्या मुलाची आहे असे वाटून शेठ खूश झाले. "एक्सपोर्ट में है."

"दारू पितो?"

"कभी कभी," शेठ म्हणाले. हा खरेपणा सर्वांना आवडला.

मग नवसीचा बाप चांगो पुढे सरकला. "आमचे पोरीला पुढं शिकू द्याल का?"

"अरे, उसी के लिए तो ले जा रहे हैं!"

सुपारी फुटली, साखर वाटली गेली आणि बायकांनी गाणे धरले, तेव्हा कुकर घेऊन पाटील सर पोचले. गाणे ऐकताच ते पांढरेफटक पडले आणि त्यांनी दोन्ही बाजूंना सगळा उलगडा केला. शेठ गाडीच्या दिशेला पाहू लागले.

"म्हंजे नवरा नाय," वाळूबाबा म्हणाला. "मंग नेता कशाला?"

"शिकायला. अन् खेळायला," पाटील सर म्हणाले.

म्हाताऱ्याने थोडा विचार केला. "नवरा नाय त् नाय. पन नेनार तुमीच, खायाला घालनार तुमीच, राबवनार तुमीच. आमचे हिशोबानं तेच झालं. सुपारी फुटली ती फुटली. आता बोल पाळा."

नियमांच्या कोणत्याही पुस्तकात न सापडणारी ही तरतूद समितीला फारच पसंत पडली. एकदा सुपारी फुटली की वाडी दुसऱ्याला दारात उभे करत नाही. आठवड्याभराने अंबरनाथकरांची जीप आली ती तशीच परत गेली, सायकलसकट. विद्यापीठांनी ही पद्धत देशभर लागू करावी असे माझे मत आहे.

निघताना नवसी स्वतः माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सडपातळ, पायात काही नाही, नजर सरळ. "सर, मला बारावी करून डीएड करायचंय. आमचे शाळंत मास्तर झेंडा लावायला येतो तेवढाच. मंग मीच मास्तरीन व्हयीन."

आम्ही सर्वांनी एकमुखाने हो म्हटले. समितीच्या इतिहासात एकमताने झालेला तो पहिलाच निर्णय.

पहिल्या वर्षी शील्ड आमच्याकडे आली. शेठनी तिच्यासाठी अंबरनाथच्या दुप्पट आकाराचे कपाट बनवले. प्रवेशाच्या रांगा रस्त्यावर गेल्या. नवसी अकरावी पास झाली आणि तिथेच संकट उभे राहिले. पुढच्या मार्चमध्ये ही मुलगी बारावीला बसणार, बसली तर पास होणार (तिच्या वह्या पाहिलेल्या एका प्राध्यापकाने ही भीती लेखी कळवली होती), आणि पास झाली की निघून जाणार. ज्या मुलीवर संस्थेने रोज दोन अंडी खर्च केली, तिने दोन वर्षांत शिकून मोकळे व्हावे, याला कृतज्ञता म्हणत नाहीत.

नापास करावे, तर बारावीची परीक्षा बोर्डाच्या हातात. आमच्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे हजेरी. आणि इथे समितीने जे तर्कशास्त्र मांडले ते मला आजही सुंदर वाटते. परीक्षेला बसायला पुरेशी हजेरी लागते. नवसी सकाळी सरावाला असते, दुपारी सामन्याला असते, म्हणून वर्गात नसते. वर्गात नसते म्हणून हजेरी भरत नाही. हजेरी भरत नाही म्हणून तिचा अर्ज बोर्डाकडे पाठवता येत नाही. अर्ज गेला नाही म्हणून ती पुढच्या वर्षीही आमची नियमित विद्यार्थिनी. आणि नियमित विद्यार्थिनी असल्यामुळे ती खेळायला पात्र! म्हणजे जितके जास्त खेळावे तितकी खेळण्याची पात्रता वाढते. यात कोणावर अन्याय नाही, कोणाची खोटी सही नाही, सगळे नियमाने.

महाविद्यालयासाठी खेळलेले दिवस हजेरीत धरावेत, असाही एक नियम आहे, हे मला मान्य आहे. तो आम्ही पाळतो. राखीव खेळाडूंसाठी. त्या पास होऊन गेल्या तरी चालते.

ही अडचण नवसीला समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मी तिला हजेरीची टक्केवारी दाखवली. ती म्हणाली, "पन सर, तुमीच तर नेता." मी म्हणालो, हो, पण हजेरी तुझी आहे. तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि ती सरावाला गेली.

दुसऱ्या वर्षी शील्ड आमच्याकडेच राहिली आणि नवसी बारावीतच राहिली. तिसऱ्या वर्षी तिने मागणी बदलली. बाहेरून परीक्षेला बसते, मला दाखला द्या, असे ती म्हणू लागली. दाखला दिला की नाव पटावरून गेले, आणि नाव गेले की शील्ड गेली. प्राचार्यांनी अर्ज विचारार्थ ठेवून घेतला. विचार करायला आमच्याकडे नेहमीच भरपूर वेळ असे.

मग एका सोमवारी वाडी खाली उतरली. चांगो, नवसीची आई चंद्री, वाळूबाबा आणि आणखी दोघे. त्यांनी प्राचार्यांच्या टेबलावर साडी ठेवली (घडी न मोडलेली), ट्रॅकसूट ठेवला, कुकर ठेवला. वाळूबाबाने कमरेची वाळली काडी काढली, सर्वांदेखत मोडली आणि दोन तुकडे टेबलावर टाकले. "तुमचं आमचं मोडलं. तुमचं होतं ते तुमाला दिलं. आता पोर मोकली करा."

त्यांच्यात नवरा-बायको एवढ्यावर मोकळी होतात म्हणे. प्राचार्यांनी शांतपणे सांगितले की काडीबाबत नियमावलीत तरतूद नाही. मात्र परत आलेले सामान स्वीकारायला कोणतीच हरकत नव्हती. कुकर कँटीनला गेला, साडी कार्यालयातल्या कुमुदिनीबाईंनी घरी नेली, ट्रॅकसूट राखीव खेळाडूला दिला. सुपारीचा रिवाज आम्ही मानतो, काडीचा मानत नाही. प्रत्येक संस्कृतीतले चांगले तेवढे घ्यावे.

दारातून वळून चंद्री म्हणाली, "तुमाला पोरी हायत का?" पाटील सर खिडकीतून मैदानाकडे पाहत उभे राहिले. त्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. ऐन अंतिम सामन्याच्या तोंडावर संस्थेला असे वाऱ्यावर सोडणाऱ्या माणसाचा मला संताप आला, अजूनही येतो.

अंतिम सामना आमच्याच मैदानावर, अंबरनाथविरुद्ध. तिन्ही गावांची गर्दी लोटली होती. भिंतींवर, गच्च्यांवर, झाडांवर माणसे. शेवटची काही मिनिटे उरली, गुण सारखे झाले आणि चढाईची पाळी नवसीची आली. ती मध्यरेषेपर्यंत चालत गेली आणि खाली बसली.

आधी वाटले पाय मुरगळला. ती मोठ्याने म्हणाली, "माझा दाखला द्या. मंग उठते."

पंचांनी नियमाप्रमाणे अंबरनाथला एक गुण दिला. मग गर्दीचा आवाज सुरू झाला. "ए, उठ ना!" "पैसे खाल्ले हिने!" "शिकून काय कलेक्टर होनार काय, खेळ ना!" शेंगांची टरफले आली, मग एक चप्पल आली. हजारो लोकांत एकानेही शेजाऱ्याला विचारले नाही की पोरगी मागते आहे ते काय आहे आणि ते तिला का देत नाहीत. नवसी चपलेकडे न बघता बसून होती.

शेठनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. "दे देंगे, बेटी! लधाराम की जबान है! सबके सामने बोलता हूँ, दे देंगे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. नवसीने प्राचार्यांकडे पाहिले, प्राचार्यांनी मान हलवली. मग तिने माझ्याकडे पाहिले. मीही हलवली. ती उठली आणि तिने खेळ सुरू केला.

दाखला देण्याचा ठराव समितीपुढे रीतसर आला, पण पाटील सरांच्या राजीनाम्यामुळे गणपूर्ती होईना आणि त्यांची जागा भरायला सरकारची मान्यता येईना. ती येईपर्यंत खेळाडूंच्या वयाची मर्यादा नवसीने ओलांडली, तेव्हा अपुऱ्या हजेरीच्या कारणाने तिचे नाव पटावरून आपोआप कमी झाले. दाखला तयार आहे. फक्त सही राहिली आहे. नवसी आता वाडीवर भाताच्या लावणीला जाते, आणि शाळेत मास्तर अजून झेंड्यापुरता येतो.

ही हकीकत मी अनेक ठिकाणी सांगितली आहे. ऐकणारे सगळे सुशिक्षित, सगळे हळहळतात, आमच्या समितीला शिव्याही देतात. आणि मग थोडे थांबून, जरा ओशाळत, प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. तुम्हीही मघापासून तो धरून बसला आहात. लाजू नका, सांगतो.

एका गुणाने. आपण जिंकलो.