खडकावरचा एप्रन

फिन्लीच्या वागण्याला शिस्त म्हणून नव्हती. एफी मॅकास्किलचा हा जावई बेटावर येणाऱ्या पाहुण्यांच्या सहली आखायचा, आणि अशा आखायचा, की वारा जणू त्याच्याच घरी पाणी भरतो. शनिवारी सकाळी त्याने सहा पाहुणे बोटीने डोंगरापलीकडच्या खाडीत उतरवले. दिवसभर कडे चढायचे, सील बघायचे, मेंढपाळांच्या जुन्या खोपीत सूप प्यायचं, संध्याकाळी परत. बायको तापाने पडलेली, म्हणून सूप ढवळायला सासूला नेलं. मग "आलोच!" म्हणून दुसरी तुकडी आणायला गेला तो गेलाच. पश्चिमेचा वारा सुटला आणि लाटा कड्यावर डोकं आपटायला लागल्या.

खोपीत रात्र काढायची एफीला फिकीर नव्हती. फिकीर होती उद्याच्या रविवारची. रविवारी तिच्या गावात होडी पाण्याला लागत नाही. तिच्या घरी तर शनिवारी दिवेलागणीलाच कोंबडा डालग्याखाली जातो. कोंबड्यांनाही एक दिवस देवाचा. आता एफीपायीच रविवारी होडी निघाली, तर शेजारची डॉलिना ते नातवंडांना पाळण्यात सांगणार.

सकाळी बघते तर समुद्र ताटातल्या दुधासारखा निवांत.

"वा! आता बोट येईल," जाड्या बुटांची हेलन म्हणाली. ही पाहुण्यांची पुढारीण.

"म्हणूनच निघायचं," एफी म्हणाली. "फिन्ली यायच्या आत."

"कुठे?"

"चर्चला. डोंगरावरून."

"पण आजी, त्या वाटेने शेळीसुद्धा जात नाही, असं कालच म्हणालात!"

"काल शनिवार होता. आणि नीट ऐका. रविवारी भटकायला बंदी आहे, चर्चला चालत जायला नाही. तेव्हा कुणी मजा करायची नाही. देखावे बघायचे नाहीत."

"चिठ्ठी तरी ठेवूया?"

"लिहिणं म्हणजे काम नव्हे होय?"

"आणि तुमचा एप्रन?" काल संध्याकाळी धुतलेला एप्रन पाण्याच्या कडेला खडकावर दगडांनी दाबून पसरलेला होता.

"हात लावू नकोस! वाळत घातलेलं रविवारी काढत नाहीत."

सगळे चिखलातून, दगडांवरून, कधी चक्क रांगत चढले. पुढे एफी. खिंडीत डोक्यावरून गरुड गेला तशी हेलन हसली. एफीने असं पाहिलं, की बिचारीने मान खाली घातली ती गाव येईपर्यंत.

चर्चचं दार सताड उघडं. आत चिटपाखरू नाही. एफी धावतच धक्क्यावर गेली आणि तिथेच खिळली.

समुद्र होड्यांनी भरला होता. गावातली एकूण एक होडी! सगळ्यांत पुढे काळ्या कोटातले पाद्रीबाबा, अस्तन्या वर करून वल्हं मारतायत. त्यांच्यामागे साक्षात डॉलिना, हातात होडी ओढायची लांब आकडी, पाणी ढवळतेय.

"अगं आई गं!" एफी मटकन खाली बसली. "रविवारी!"

तिला पाहून डॉलिनाची आकडीच पाण्यात गेली. "भूत! एफीचं भूत!"

फिन्ली कमरेइतक्या पाण्यात उडी मारून रडत आला. "सासूबाई! जिवंत आहात! खोपी रिकामी, पाण्याच्या कडेला नुसता एप्रन. मला वाटलं, लाटेनं ओढून नेलं सगळ्यांना! मग गाव उठवलं."

पाद्रीबाबांना धाप लागली होती. "जीव वाचवायला होडी काढली, एफी. त्यात पाप नाही."

अख्खं गाव पाण्यात उतरलं होतं, एफीसाठी. डॉलिनाचे तर डोळे सुजले होते. एफीने मायेने जावयाकडे पाहिलं, आणि तिची नजर त्याच्या काखेतल्या वस्तूवर गेली. एप्रन. व्यवस्थित घडी घातलेला.

"जावईबापू," ती उठत म्हणाली, "बोटींचं देव बघून घेईल. पण ह्या एप्रनचा कुठे जीव जात होता? जा, होता तिथे नेऊन पसर. आणि चालत जा."