सखूआत्या आणि जगातल्या बाया

आमच्या अमडापुरात एसटीला हरवणारी एकच व्यक्ती होती, आणि ती पन्नाशीला आलेली होती.

चिखलीचा बाजार करून सखूआत्या चारचौघींसारखीच एसटीत बसायची. पण गावाच्या अलीकडे नाल्यापाशी रस्ता मोठं वळण घेतो. तिथे गाडी हळू झाली की आत्या कंडक्टरला म्हणायची, "थांबव बे जरा," आणि पिशवी घेऊन खाली उतरायची. मग पिशवी डोक्यावर, लुगड्याचा काष्टा घट्ट, आणि आडव्या वावरातून जी पळत सुटायची, ती गाडी येईपर्यंत स्टँडवरच्या लिंबाखाली उभी. ड्रायव्हर उतरला की विचारायची, "काऊन बे, वाटेत झोपला होता का?" ड्रायव्हर नवा असला तर बिचारा इंजिन उघडून बघायला लागायचा. जुना असला तर हसून चहाला जायचा.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हा मी अमडापूरच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले. मी खामगावची. यजमान नोकरीनिमित्त अकोल्याला, म्हणून मी नारायणदादांच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेतली होती. सखूआत्या ही दादांची थोरली बहीण. दादांची मुलं तिला आत्या म्हणत, म्हणून सगळं गाव आत्या म्हणे. तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. ती दादांपेक्षा चांगली वीतभर उंच. खांदे रुंद, ओठांवर बारीक लव, आणि आवाज असा की तिने वावरातून हाक मारली की माझ्या वर्गातली पोरं फळा सोडून खिडकीकडे बघत.

एवढं वय झालेली बाई भावाकडे का राहते, हे मला पहिल्याच आठवड्यात विचारायचं होतं. मला चौकशा करायची खोड आहे. पण मी विषय काढला की दादांच्या पत्नी, गोदाकाकू, पेटलेल्या चुलीतसुद्धा फुंकर घालायला लागत.

माझी खोड फिकी पडावी अशी चौकस बाई मात्र मला त्याच घरात भेटली. शाळेत वर्तमानपत्र यायचं, तेही शिळं. मी ते संध्याकाळी घरी आणायची. आत्या सरकी निवडत ओट्यावर बसायची आणि म्हणायची, "वाचा बाई, जगात काय होऊन राह्यलं ते." राजकारण आलं की ती जांभया देई. बाजारभाव दादांसाठी. पण खेळांचं पान आलं की तिचे हात थांबायचे. त्या वर्षी ऑलिंपिकचे सामने होते, त्यामुळे पानभर बातम्या असत.

"हॉकीत आपण जिंकलो, आत्या."

"साजरं झालं. मंग बाया कुठी गेल्या?"

"बायकांची हॉकी नसते तिथे."

"काऊन?"

"मला नाही माहीत."

"तुम्ही तं इतक्या शिकल्या ना? मंग माहीत काऊन नाही?"

कुस्तीची बातमी वाचली, तेव्हाही तेच. बायकांची कुस्ती नसते म्हटल्यावर आत्या म्हणाली, "ते घरीच होत असन म्हना त्याइची." ओट्याच्या टोकाला बसलेले दादा खाकरले.

ज्या शर्यतींत बायका होत्या, त्यांच्याबद्दल तिला सगळंच जाणून घ्यायचं असे. ती बाई पळायला जाते तेव्हा भाकरी कोण टाकतं? नवरा सोबत जातो की घरी ढोरं बघतो? डोक्यावर पदर नसतो, मग सासरा मैदानावर आला तर काय करते? परदेशातल्या धावणारणीच्या सासऱ्याचा मी जन्मात कधी विचार केला नव्हता. आता करू लागले. शाळेत भूगोल शिकवताना नकाशावर हात ठेवला की मनात यायचं, इथल्या सासवा कशा असतील.

एकदा मी वाचलं की पुरुषांची सर्वांत लांब शर्यत सव्वीस मैलांची असते. आत्याने मान डोलावली. "अन् बायाइची?"

"अर्धा मैल. मैदानाला दोन चकरा."

सरकीचं सूप तिने खाली ठेवलं. "अर्धा? त्याच्यापुढं काऊन नाही?"

याचं उत्तर दादांकडे होतं. तंबाखू मळत ते म्हणाले, "लय पळाल्यानं बाईच्या पोटाले धोका असते, सखूबाई. डाक्टर लोक सांगतात. बाई नाजूक राह्यते."

आत्या भावाकडे वळली. मग शांतपणे म्हणाली, "अन् वावरातून गवताचा भारा आनतो आम्ही, तवा कुठी राह्यते हा डाक्टर?"

दादांनी तंबाखू तोंडात टाकली. त्यांची ती नेहमीची पळवाट होती, कारण तोंडात तंबाखू असली की बोलता येत नाही.

पण आत्याचं समाधान झालं नव्हतं. अर्धा मैल म्हणजे नेमका कुठून कुठे, हे मला तिला सांगावं लागलं. मी म्हटलं, आपल्या दारापासून मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन परत आलं की साधारण तेवढं होईल. आत्या उठली. भरलेली घागर डोक्यावर घेतली, काष्टा खोचला आणि निघाली. पळतच. रस्त्यात बसलेल्या शेळ्या उठल्या, कुणीतरी "काय झालं, आग लागली काय?" म्हणून ओरडलं, आणि दादा डोक्याला हात लावून म्हणाले, "लोक पाहून राह्यले ना व!" थोड्या वेळाने आत्या परत आली. घागर काठोकाठ होती. तिने ती खाली उतरवली, पदराने मान पुसली आणि दादांना म्हणाली, "पाहा बरं, कोन मेलं."

दोन वर्षांनी युरोपातले मोठे सामने तोंडावर आले होते, तेव्हा एकदा पेपरात एका धावणारणीचा फोटो आला. कुठल्याशा दूरच्या देशातली, उंच, आत्यासारख्याच रुंद खांद्यांची. हनुवटी पुढे काढून ती कॅमेऱ्याकडे बघत होती. तिचं नाव मला नीट वाचता आलं नाही आणि आत्याला त्याची गरजही वाटली नाही. "हे आपल्यातली दिसते," ती म्हणाली. तेव्हापासून मी शाळेतून आले की पायावर पाणी घ्यायच्या आत प्रश्न यायचा: "पळाली का व ती पोरगी?" तिची शर्यत अजून व्हायची होती. आत्याला कधी कशाची एवढी वाट बघताना मी पाहिलं नव्हतं. देवीपुढे दिवा लावताना ती पुटपुटायची, त्यात एकदा मी "पोरगी" हा शब्द ऐकला.

आणि मग ती बातमी आली. मी ती नेहमीसारखी मोठ्याने वाचली आणि वाचता वाचता मलाच कळेना की पुढे वाचावं की नाही. बायकांच्या शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येकीची आता तपासणी होणार होती. ती खरोखर बाई आहे असा दाखला मिळाला, तरच तिला पळता येणार होतं. काही खेळाडू बायकांसारख्या दिसत नाहीत, फार जोराने पळतात, अशी लोकांची कुजबुज होती म्हणे.

"अन् गड्याइची तपासनी?" आत्याने विचारलं.

"पुरुषांची नाही."

"काऊन? तो गडी हाय हे कसं समजते त्याइले?"

मला हसू आलं. दादाही हसले. आत्या हसली नाही.

"कोन तपासते?"

"डॉक्टर."

"सुईन नाही?"

"सुईण कशाला असेल तिथे, आत्या?"

तिने सूप उचललं आणि ती आत निघून गेली. सरकी अर्धी तशीच राहिली होती. दादांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या वावरात गेल्यावर मी गोदाकाकूंना सरळच विचारलं. या वेळी चूल पेटलेली नव्हती, त्यामुळे फुंकर घालायची सोय नव्हती. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"दुसरबीड गावाले देल्ली होती तिले," त्या म्हणाल्या. "नवी नवरी होती. पावसात बैलगाडी फसली चिखलात. चार गडी लोटून राह्यले, चाक हालेना. हे खाली उतरली अन् लावला खांदा. गाडी बाहेर! गडी खूश झाले, पन सासूनं तोंडाले पदर लावला. म्हने, हे काही बाईमानूस नोय. मंग दोन वर्सं लेकरू झालं नाही, तं पुरा गावच म्हनाले लागला. सासूनं सुईन बलावली."

"मग? सुईण काय म्हणाली?"

"खरं तेच म्हनली. बाईच हाय म्हने, चांगली धडधाकट." काकूंनी बोटाचा पदर सोडला. "पन बाई, जिले तपासून पाह्यलं, तिले मंग कोन बाई म्हन्ते? धाडून देल्ली मायेरी. नवऱ्यानं दुसरी केली. तवापासून तिले कोनी हळदीकुंकवाले बलावत नाही, ओटीले बलावत नाही. मीही नाही बलावत. शेजारच्या बाया उठून जातीन ना."

काकू वाईट नव्हत्या. त्या आत्याला आधी वाढत आणि मग जेवत. पण त्यांच्या हळदीकुंकवाला मीही दोनदा गेले होते, आणि आत्या त्या वेळी गोठ्यात असते हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. गावभर चौकशा करणाऱ्या मला हा प्रश्न कधी पडला नव्हता, याची मला शरम वाटली.

त्यानंतरही आत्या संध्याकाळी ओट्यावर यायची, पण आता ती एकच विचारायची, "झाली का पास?" मी म्हणायची, अजून काही आलं नाही. शेवटी शर्यतीचा निकाल आला. पहिली, दुसरी, तिसरी, सगळ्यांची नावं होती. मी दोनदा वाचून पाहिलं. आमची पोरगी त्यात नव्हतीच. खाली एका ओळीत लिहिलं होतं की ती या वेळी सामन्यांना आलीच नाही. कारण दिलेलं नव्हतं.

"म्हंजे नापास केली?"

"तसं नाही लिहिलं, आत्या. ती गेलीच नाही. कदाचित आजारी असेल. कदाचित तिलाच तपासून घ्यायचं नसेल."

"म्हंजे आता मायच्या घरी हाय," आत्या म्हणाली. तिला ते माझ्यापेक्षा चांगलं समजलं होतं.

नवरात्र सुरू होतं. टेकडीवरच्या देवीला ओट्या घेऊन बायका जात होत्या, आणि चढण अवघड म्हणून गल्लीतल्या साऱ्या ओट्यांच्या टोपल्या नेहमीप्रमाणे आत्याच्याच डोक्यावर होत्या. ती त्या वर पोचवून, देवळाच्या बाहेरून हात जोडून, बायकांच्या आधी खाली आली. मी पाय मुरगळल्यामुळे घरीच होते. ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. हातात एक खण, नारळ आणि पदरात गहू.

"बाई, एक इचारू? त्या पोरीच्या देशात नवरात्र असते का?"

"नसावं, आत्या."

"मंग तिची ओटी कोन भरन?" तिने नारळ पुढे केला. "तुम्ही तिच्या जागी बसता का? तुम्ही शिकलेल्या हा, पेपर वाचता. तिच्या जवळच्याच झाल्या ना."

जगातल्या कुठल्याही खेळात असला नियम नसेल, पण मी पाटावर बसले आणि पदर पसरला. आत्या समोर बसली. शंभर टोपल्या वाहणारी, एसटीला मागे टाकणारी ती बाई हातात कुंकवाची कोयरी घेऊन माझ्याकडे बघत राहिली.

"आंधी कुंकू का आंधी गहू?" तिने हळूच विचारलं. "म्या कधी कोनाची भरली नाही."

मी सांगितलं, आधी हळद, मग कुंकू, मग ओटी. तिने लावताना कुंकू माझ्या नाकावर सांडलं. तिने खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीने गहू घातले. प्रत्येक ओंजळीला ती काहीतरी पुटपुटत होती. त्या दूरच्या पोरीला पळू द्या, असं काहीसं. मला नीट ऐकू आलं नाही आणि मी पहिल्यांदाच विचारलंही नाही.

ओटी भरून झाल्यावर मी कोयरी तिच्या हातातून घेतली.

"मले कायले?" ती मागे सरकली. "ओटी तं तिची हाय."

"भरणाऱ्या बाईलाही लावायचं असतं, आत्या. रीत आहे."

"बाईले लावतात?"

"हो. बाईलाच लावतात."

आत्याने कपाळ पुढे केलं. मी हळद लावली, कुंकू लावलं आणि हात मागे घेतला. ती तशीच वाकून राहिली, डोळे मिटून. बाहेर टेकडीवरून परतणाऱ्या बायकांचे आवाज जवळ येऊ लागले, दारातून आत डोकावून गेले, तरी तिने मान वर केली नाही.