राजश्री उदाजीराव यांचे जुन्या मोटारीस पट्टे बसविले त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. घाटमाथ्यावरील देवीस आणि वळणावळणावर शेंदूर लावोन बसलेल्या लहानथोर दैवतांस नमस्कार करोन, जैसे घडले तैसे लिहितो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, माघ मास. तेसमयी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, राजश्री उदाजीराव महाराज नांदत होते. राज्य म्हणजे काजूची बाग, एक बैठा बंगला आणि बंगल्याशेजारी पत्र्याची पागा. आणि पागेत महाराजांचे वडिलांनी हौसेने घेतलेली मोटार, रंगे दुधाळ निळी, डोळे वाटोळे, आवाज भरदार. तिजवर महाराजांचा जीव फार. प्रातःकाळी मऊ कापडाने तीस पुसावे आणि मग चहा घ्यावा, ऐसा नेम. मोटार घडली ते काळी बसणारांनी अंगास पट्टे बांधण्याची चाल या मुलखात नव्हती, सबब तीस पट्टा म्हणोन नव्हताच, आणि महाराज अभिमाने सांगत की, "जैसी कारखान्यातून आली तैसीच आहे, एक खिळा नवा नाही."

प्रतिवर्षी महाशिवरात्रीस महाराज आणि राणीसाहेब सगुणाबाई त्या मोटारीत बसोन घाट उतरत आणि समुद्राकाठी राणीसाहेबांचे माहेरी जात. यंदा पर्व जवळ आले, महाराजांनी तेलपाणी पाहिले, चाकांत हवा भरविली, आणि मग राणीसाहेबांनी भाजी निवडता निवडता सांगितले की, "तुम्ही मोटारीने या. मी एसटीचे तिकीट काढिले आहे." महाराज चकित जाहले. राणी एसटीने आणि राजा मागोमाग रिकाम्या मोटारीने, हे दृश्य मनात येवोन त्यांस जेवण गोड लागेना. "कारण काय?" ऐसे पुसिले तेव्हा उत्तर आले की, "त्या मोटारीस पट्टे लावा, मी बसते. तीन ठिकाणी बांधलेला, खांद्यावरोन येणारा पट्टा पाहिजे. नुसता कमरेचा नको."

महाराजांचे स्नेही नारोपंत नित्य संध्याकाळी येत. त्यांस जुन्या मोटारींचा मोठा नाद. त्यांनी हे ऐकिले आणि कानांवर हात ठेविले. म्हणाले, "पट्टे म्हणजे दाराशेजारील खांबास भोके आली. भोक पडले की अस्सलपण गेले. वडिलांच्या मोटारीस ड्रिल लावणार काय?" महाराजांस ते पटले आणि त्यांनी जाऊन राणीसाहेबांस सांगितले की, भोके पाडणे होणार नाही, मी मोटार सावकाश चालवीन. राणीसाहेब बरे म्हणाल्या आणि पिशवी भरू लागल्या. भांडण जाहले असते तर महाराजांस सोसले असते, परंतु भांडण जाहले नाही, त्याने ते फार अस्वस्थ जाहले. मग जवळ जावोन बसले आणि बोलिले, "सगुणा, एवढा राग मोटारीवर का?"

तेव्हा राणीसाहेबांनी पिशवी बाजूस ठेविली आणि सांगितले, "मोटारीवर राग नाही. गतवर्षी घाटात बकऱ्या आडव्या आल्या, तुम्ही ब्रेक दाबिला आणि माझे कपाळ डॅशबोर्डवर आपटले. त्याचेही काही नाही, बकऱ्या वाचल्या. परंतु मोटार थांबताच तुम्ही आधी डॅशबोर्डवरोन हात फिरविला, पत्र्यास पोचा आला की काय हे पाहण्यास. मग माझ्याकडे पाहिले. माझ्या भुवईतून रक्त येत होते. ते दिवशी मला कळले की, माझ्या डोक्याची काळजी मीच घ्यावयाची आहे. म्हणोन पट्टा मागते."

महाराजांस ऐसे काही केल्याचे स्मरत नव्हते, आणि न स्मरता हात तिकडेच गेला, हे अधिक लागले. भुवईतील पांढरी रेघ त्यांनी वर्षभर नित्य पाहिली होती आणि डॉक्टरांनी टाका नीट घातला एवढेच मनात आणिले होते. मग उठोन फोन घेतला आणि आपली भाची हेमांगी, जी तालुक्याचे गावी मोटार दुरुस्तीचा कारखाना चालवी, तीस म्हणाले, "बाळ, उदईक मोटार घेवोन येतो. भोके पाडावयाची आहेत." आणि मग नारोपंतांस निरोप गेला की, मसलत बदलली, चहास मात्र यावे.

दुसरे दिवशी उभयता कारखान्यात पोहोचली, महाराज मोटारीने आणि राणीसाहेब मागोमाग रिक्षाने. हेमांगीने आतले अस्तर हलके हाते सोडविले, खांबावर बोट वाजवोन पाहिले आणि सांगितले, "मामासाहेब, पत्रा पातळ आहे. नुसता बोल्ट कसला तर झटक्यासरशी पत्रा फाटेल. आतून जाड पोलादी पट्टी वेल्ड करू आणि बोल्ट तीत बसवू. एक जागा खांद्यापाशी, दोन खाली कमरेच्या दोहो बाजूंस. मग मामीसाहेब हत्तीने ओढिल्या तरी हलणार नाहीत." महाराज म्हणाले, "पहिले भोक मी पाडीन." हेमांगीने ड्रिल हाती दिले, डोळ्यांस चष्मा लाविला, आणि महाराजांनी वडिलांचे स्मरण करोन खांबास टोक टेकविले. मग उचलिले, पुन्हा टेकविले. इतक्यात राणीसाहेब मागोन बोलिल्या, "मोटारीस दुखेल, ऐसे वाटते काय?" महाराज म्हणाले, "वाटते." राणीसाहेब म्हणाल्या, "मग फुंकर घालते, पाडा." आणि हेमांगीस हसू आले, महाराजांसही आले, त्या हसण्यात ड्रिल फिरले आणि पोलादाचा चमकता कीस महाराजांचे मिशांवर बसला.

मग वेल्डिंग जाहले, रंग जाहला, अस्तर पूर्ववत बसले आणि काळे पट्टे खांद्यापाशी ऐसे लागले की, जणू जन्मापासोन तेथेच होते. महाराज बसले आणि राजाच्या सवयीने पट्टा खसकन ओढिला. पट्टा अडला. पुन्हा ओढिला, पुन्हा अडला. हेमांगी म्हणाली, "हळू ओढा मामासाहेब. झटका बसला की धरून ठेवणे, हेच त्याचे काम. तो भांडणाऱ्याचे ऐकत नाही." महाराजांनी नरमाईने ओढिला तेव्हा तो निमूट आला. मग राणीसाहेब शेजारी बसल्या, पट्टा अडकविला, आणि कारखान्यामागील मोकळ्या माळावर महाराजांनी मोटार पळवोन ब्रेक दाबिला. दोघे जागचे जागी राहिले. मोटार थांबताच महाराज राणीसाहेबांकडे वळले आणि "लागले काय?" ऐसे पुसिले. राणीसाहेब म्हणाल्या, "नाही. पुन्हा एकदा दाबा, बरे वाटते." ऐसे आणखी फेरे जाहले, आणि हेमांगी दारात उभी राहोन हे कौतुक पाहत राहिली.

महाशिवरात्रीचे आदले दिवशी सकाळी स्वारी निघाली. एसटीचे तिकीट रद्द जाहले होते. घाटमाथ्यावर देवीस नारळ फोडिला आणि महाराज मोटारीकडे वळले, तो राणीसाहेब स्टिअरिंगचे चाकामागे बसलेल्या आणि पट्टा बांधोन तयार. त्या हेमांगीची गाडी चालवीत, बाजारहाट करीत, उत्तम चालवीत. परंतु या मोटारीचे चाक त्यांस कोणी दिले नव्हते आणि त्यांनी मागितले नव्हते. म्हणाल्या, "बसा इकडे. पट्टा बांधा." महाराज डावीकडे जावोन बसले आणि हळू ओढोन पट्टा बांधिला. मोटार घाट उतरू लागली. राणीसाहेबांचा हात सुरेख, वळण घेताना मोटार कुरकुर करीना. थोडे अंतर गेल्यावर महाराज बोलिले, "ती लाल फुले कसली? पान एक नाही आणि फुले एवढी." राणीसाहेब म्हणाल्या, "काटेसावर. दरवर्षी असते." मग महाराजांनी खाली दरीतील नदी पाहिली, पलीकडील कड्यावर घिरट्या घालणारी घार पाहिली, आणि पुसिले, "ही नदीही दरवर्षी असते काय?" राणीसाहेब म्हणाल्या, "असते. तुम्ही रस्त्याकडे पाहत होता." आणि त्यांनी मोटार किंचित सावकाश केली, म्हणजे महाराजांस नीट दिसावे.

तात्पर्य, या प्रकारे मोटारीस पट्टे बसले, राणीसाहेब राजी जाहल्या, आणि महाराजांस ज्या घाटातून उमर गेली तो घाट पट्ट्यात बांधिले गेल्यावर प्रथम दिसला. परतीचे वेळी चाक कोणाकडे, येविशी वाद जाहला नाही. महाराज आपण होवोन डावीकडे बसले. जे घडले ते लिहिले. वाचणारांनी सुखरूप असावे.