नानांची अर्ध्या मिनिटाची विचारपूस

गुजरातमधल्या भेस्तानला आमच्या गल्लीत रोज सकाळी सात वाजता रामदास अप्पा आपल्या टेम्पोची तब्येत विचारतात. टेम्पोचं नाव नाना. वयाने अप्पांच्या मुलापेक्षा मोठा, म्हणून अहोजाहो.

"नाना, रातले झोप लागनी का तुमले? कंबर दुखस का? चला, पलसाणाले जानं शे."

चावी अर्धी फिरवून एवढं बोलून झालं की ती पूर्ण फिरते आणि नाना खोकत, धूर सोडत उठतात. मग लूमवरचे कापडाचे ताके भरून दोघं पलसाण्याच्या मिलकडे निघतात.

नानांचं मूळचं असं आता फारसं काही उरलेलं नाही. डावा आरसा स्कूटरचा. सीट बंद पडलेल्या सलूनमधली, त्यामुळे अप्पा दाढीला बसल्यासारखी मान मागे टाकून गाडी चालवतात. वायपरला सुतळी आहे; पावसात ती हाताने ओढायची आणि गीअर टाकताना दातात धरायची. अप्पा पोलिसाशी हिंदी बोलतात, मिस्त्रीशी गुजराती, माझ्याशी मराठी. अहिराणी फक्त नानांशी.

"ते धुळ्याकडचे. त्यांना दुसरं समजत नाही," अप्पा म्हणतात.

एकदा त्यांच्या मुलाने, किशोरने, दहादा चावी फिरवली. नाना ढिम्म. किशोरने गुजरातीत शिव्या घातल्या.

"झालं, रुसले," अप्पा म्हणाले.

मी परभणीचा, लूमच्या मशीन दुरुस्त करणारा. असलं काही ऐकलं की माझं डोकं फिरतं. आठवडाभर मी घड्याळ लावून बसलो. अप्पांची विचारपूस बरोबर अर्धं मिनिट चालायची. मग बॉनेट उघडून पाहिलं. इंजिन गरम करणारा हीटर म्हातारा झाला होता, त्याला तापायला तेवढाच वेळ लागायचा. किशोर थांबत नव्हता, एवढंच. अप्पा गावी लग्नाला गेले तेव्हा मी आणि किशोरने नवा हीटर बसवून घेतला.

अप्पा परतले त्या सकाळी किशोरने त्यांच्यासमोर चावी फिरवली. नाना क्षणात धडधडू लागले. आम्ही शाबासकीची वाट पाहत उभे.

"बरं झालं," अप्पा म्हणाले आणि ताके भरायला निघून गेले.

चौथ्या दिवशी ते माझ्या दारात आले. हातात कागदात गुंडाळलेला नवा हीटर. जुना त्यांनी परत बसवून घेतला होता.

"अहो अप्पा, का?"

"तुझी काकू गेली तेव्हापासून घरात अहिराणी नाही. नातवांशी बोललो की म्हणतात, 'दादा, तमे शुं बोलो छो?' काय बोलतो तेच कळत नाही त्यांना. नाना अर्धं मिनिट ऐकून घ्यायचे."

"मग आताही बोला की. कोण अडवतंय?"

"सुरू झालेल्या गाडीशी कोण बोलतं? लोक वेडा म्हणतील मला."

मला माझ्या शहाणपणाची फार लाज वाटली. हीटर मी माळ्यावर टाकला.

आता सकाळी मीच सातच्या आधी खाली उतरतो आणि विचारतो, "अप्पा, रातले झोप लागनी का तुमले?" अप्पा आधी माझ्या उच्चारांना पोटभर हसतात. मग झोपेचं सांगतात, कंबरेचं सांगतात, काकूच्या हातच्या भरताचं सांगतात. ते काही अर्ध्या मिनिटात आटपत नाही. मला कामावर रोज उशीर होतो.