आधी मोजा, मग झाकण

रेगेकाकांच्या घरी चहा प्यायलात, तर निघताना चमचा दाखवावा लागतो. पाहुणा चोर आहे असा त्यांचा मुळीच समज नाही. चार चमचे बाहेर निघाले होते, चार परत आले पाहिजेत, एवढंच. तोवर साखरेच्या डब्याला झाकण लागत नाही.

"आधी मोजा, मग झाकण," हे काकांचं ब्रीद.

हा नाद नोकरीतला. दिल्ली विमानतळाजवळच्या एका वर्कशॉपमध्ये काकांनी आयुष्यभर छोट्या जेट विमानांची इंजिनं तपासली. चार-सहा माणसं बसतील एवढंसं विमान आणि त्याच्या इंजिनाचा पुढचा पंखा आपल्या जेवायच्या ताटाएवढा. "मोठ्या इंजिनाचं काय कौतुक, यार? ते एखादी चिमणी गिळूनही चालतं. आमच्यात एक नट राहिला की खेळ खलास!" म्हणून इंजिनाचं झाकण लावण्यापूर्वी सगळी हत्यारं मोजायची. काम करणाऱ्याची एक सही, तपासणाऱ्याची दुसरी. दुसरी सही कायम काकांची.

आम्ही दिल्लीतल्याच द्वारकेत त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. तिथे डोक्यावरून सारखी विमानं जातात. काका वर बघतही नाहीत. "मोठं आहे, जाऊ दे." पण बारीक शिट्टीसारखा आवाज आला, की हातातली भेंडी टाकून ते भर रस्त्यात उभे राहतात आणि भाजीवाल्याला सांगतात, "भैया, ये अपना वाला है!" भाजीवाला बरीच वर्षं त्यांना विमानाचे मालक समजत होता आणि भावही त्याच बेताने सांगत होता.

सोसायटीच्या गणपतीत त्यांनी कहरच केला. माझी बायको मीनल मोदकपात्रावर झाकण ठेवणार, तेवढ्यात काका आडवे आले. सारण भरायला सहा चिमुकले चमचे दिले होते, परत आले पाच. बायकांनी विनवलं, आरतीवाले ताटकळले, पण काका हटेनात. शेवटी अकरा मोदक फोडून झाले. मग मीनलचं लक्ष काकांच्या शर्टाच्या खिशाकडे गेलं. सारणाची चव बघून त्यांनी चमचा तिथेच ठेवला होता.

"सापडला ना? आता बिल्कुल लावा झाकण," काका म्हणाले. चेहऱ्यावर अपराधीपणाचा लवलेश नाही. फोडलेल्या मोदकांपैकी चार त्यांनीच खाल्ले.

काकू जाऊन पाच वर्षं झाली. मुलगा कॅनडात. रोज संध्याकाळी सहा वाजता काका आमच्याकडे चहाला यायचे आणि जाताना आमचेही चमचे मोजून जायचे.

यंदा माझी पुण्याला बदली झाली. सामानाची मोजणी काकांनी आपणहून अंगावर घेतली. आदल्या दिवशी येऊन त्यांनी प्रत्येक खोक्यावर आकडा टाकला, यादी केली. सकाळी ट्रक भरला. ड्रायव्हर मागचं दार लावायला गेला, तर काका दारासमोर उभे.

"एक कमी आहे."

मी खोकी मोजली. चौतीस. यादीत पस्तीस होती. पुन्हा मोजली, चौतीसच. मीनल रिकाम्या घरात चक्कर मारून आली. काही राहिलेलं नव्हतं.

"अंकल, नो एंट्री लग जाएगी!" ड्रायव्हर वैतागला. ट्रकना दिवसा असलेल्या बंदीची वेळ होत आली होती.

मी काकांच्या हातून यादी घेतली. एक - भांडी, दोन - पुस्तकं, असं चौतीसपर्यंत सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. पस्तीसच्या पुढे काहीच नव्हतं. नुसता आकडा.

जन्मात ज्यांचा नट चुकला नाही, ते खोकी मोजताना चुकतील?

काका माझ्याकडे बघत नव्हते. ट्रकच्या फळीवरून उगाच बोट फिरवत होते. "मोजणी जुळल्याशिवाय झाकण कसं लावणार, समीर?" ते हळूच म्हणाले.

सात वर्षं ह्या माणसाची मी मनसोक्त थट्टा केली होती. संध्याकाळी सहा वाजता आता ते कुणाचे चमचे मोजणार, हा विचार मात्र एकदाही केला नव्हता.

मी ड्रायव्हरला म्हटलं, "भैया, सब नीचे उतारो. फिर से गिनना है."

मग काकांच्या हातात यादी दिली. "चला काका, एकपासून."

काकांनी चष्मा पुसला, नाकावर नीट बसवला आणि अगदी सावकाश मोजायला सुरुवात केली.