न ढवळलेला चहा

वहिनीच्या दोन अक्कलदाढा काढल्या त्याच दिवशी मी ठरवलं, की आता तिला सांगून टाकायचं.

कारण अगदी सोपं होतं. दाताच्या डॉक्टरांनी तिला दोन दिवस बोलायला मनाई केली होती. एरवी मी वहिनीला काही सांगायला गेलो, की माझं पहिलं वाक्य पुरं होईपर्यंत तिची चार झालेली असतात आणि पाचव्यात मला काय म्हणायचंय तेही तीच सांगून टाकते. (बरोबर सांगते, हा भाग वेगळा.) अशी संधी पुन्हा आली नसती. अक्कलदाढा काही दर महिन्याला काढत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा ड्यूटीवर निघाला. तो बस चालवतो. बूट घालता घालता त्याने मला सूचना दिल्या.

"गरम काही द्यायचं नाही. स्ट्रॉ द्यायची नाही, टाके निघतात. आणि तिला बोलू द्यायचं नाही. हे शेवटचं मला बारा वर्षांत जमलेलं नाही, तू बघ."

आतल्या खोलीतून वाटीवर चमचा वाजला. टण् टण् टण्. एकदा म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे इकडे ये, तीनदा म्हणजे गप्प बस, अशी भाषा वहिनीने पहिल्या तासातच बसवली होती. दादा मुकाट्याने निघून गेला.

आता मला काय सांगायचं होतं ते सांगतो. (तुम्हाला सांगायला काही वाटत नाही, तुम्ही समोर नाही.) मी घरं रंगवतो. आम्ही ज्या दुकानातून रंग घेतो तिथे रंग मिसळायचं मशीन आहे आणि त्या मशीनवर एक मुलगी बसते. तुम्ही शेडचा नंबर सांगायचा, ती बटणं दाबते, मशीन थेंब थेंब रंग सोडतं, मग डबा हलवून, झाकणावर स्टिकर लावून ती तुमच्या हातात देते. फिकट शेडला दीड मिनिट लागतं. गडद शेडला चार. त्यामुळे दोन वर्षं मी फक्त गडद शेड घेत होतो. अर्धा अर्धा लिटर. काळपट जांभळा, शेवाळी हिरवा, विटेसारखा लाल. असे सतरा डबे माझ्या कॉटखाली होते. दादाने एकदा विचारलं, तर मी म्हणालो, "टचअपला लागतात." काळपट जांभळ्या रंगाचं टचअप करायला या शहरात एकही भिंत नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही. बसवाल्याला रस्ता बघायची सवय असते, भिंती नाही.

तर ती मुलगी मला आवडते, एवढंच सांगायचं होतं. वहिनी हो म्हणाली असती तर पुढे. नाही म्हणाली असती तर मी ते सतरा डबे कुठेतरी लावून टाकले असते आणि विषय संपवला असता. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि अकराव्या वर्षी वहिनी घरात आली. तेव्हापासून तिच्या नाहीपुढे मी कधी गेलेलो नाही.

नऊ वाजता वाटी दोनदा वाजली. मी गेलो. वहिनीचा गाल टम्म फुगला होता. तिने जुन्या कॅलेंडरच्या पानाची मागची बाजू माझ्यासमोर धरली. त्यावर एकच शब्द होता: "चहा." खाली दोन रेघा.

"वहिनी, गरम चालत नाही."

तिने तिसरी रेघ ओढली.

दिवसाला सहा कप चहा पिणारी बाई काल दुपारपासून कोरडी होती. मला तिची दया आली आणि त्याच क्षणी डोक्यात उजेड पडला. थंड चहा! मशीनवरची मुलगी दुपारी जेवणानंतर तो पीत असे. उंच ग्लास, खाली सोनेरी थर, मध्ये पांढरा, वर तपकिरी, आणि सगळीकडे बर्फ. गेल्या आठवड्यात मी त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिलो, की तिने विचारलं, "काय बघताय?"

"शेड," मी म्हणालो.

"कुठली?"

"मधली."

मग तिने सांगितलं, की याला आइस्ड टी लाटे म्हणतात. (नाव ऐकून मी घाबरलो होतो. निघाला साधा चहाच, फक्त भांग पाडून आलेला.) खाली साखरेचा पाक, त्यावर बर्फ, मग गार दूध, आणि शेवटी कोरा चहा चमच्याच्या पाठीवरून हळूहळू. हे सगळं मी शेडकार्डाच्या मागे लिहून घेतलं. आमच्या दोघांतलं ते सगळ्यात मोठं बोलणं होतं. शेवटी ती आणखी काहीतरी म्हणाली, पण तेव्हा तिच्या मनगटावर निळ्या रंगाचा एक ठिपका होता आणि मी तोच बघत होतो.

वहिनीला हा चहा द्यायचा, तिचं मन प्रसन्न करायचं आणि मग सांगायचं, असा बेत ठरला.

पाक झाला. बर्फ घातला. दूध घातलं. मग उकळता चहा थेट वरून ओतला. टच्च! ग्लास उभा तडकला आणि सगळं ओट्यावर पसरलं.

टण् टण्.

"काय फुटलं?" कागदावर.

"काही नाही."

"आवाज?"

"बाहेरचा."

तिने माझ्या हाताला गुंडाळलेल्या फडक्याकडे पाहिलं आणि लिहिलं, "पाहुण्यांचा सेट?"

सहाचा सेट होता. मी पाच बोटं दाखवली.

दुसऱ्या खेपेला मी डोकं चालवलं. आमच्या धंद्यात पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा मारायचा नसतो, नाहीतर रंग एकमेकांत शिरतात. इथेही तेच चुकत असणार! म्हणून मी पाक, बर्फ आणि दूध घातलेला ग्लास वीस मिनिटं पंख्याखाली ठेवला. दूध काही वाळलं नाही. बर्फ मात्र संपला. त्यावर चहा ओतला तेव्हा जो रंग तयार झाला तो मी ओळखला. जिन्यांना लावतात तो.

तिसऱ्या खेपेला चहा आधी फ्रीजमध्ये गार केला. पण चमच्याच्या पाठीवरून ओतताना माझा हात थरथरायला लागला, कारण वहिनीला काय बोलायचं याची मी मनात उजळणी करत होतो. चमचा धरून माझा हात कापतो. ब्रश धरून कधीच कापत नाही. छताच्या कडेने मी पट्टी न लावता सरळ रेघ ओढतो. म्हणून मी पिशवीतून दोन इंची ब्रश काढला. (नवा कोरा. पाकिटातला. दोनदा धुतला.) तो चहात बुडवून दुधावर अलगद निथळवत गेलो. पाऊण तास लागला. पण काय थर बसले! खाली सोनेरी, मध्ये पांढरा, वर तपकिरी, आणि मधल्या रेघा अशा, की लेव्हल लावून बघाव्यात.

मी ग्लास घेऊन आत गेलो. वहिनीने तो दोन्ही हातांत धरून उजेडात फिरवला. तिचे डोळे मोठे झाले. मग तिने वाटीतला चमचा उचलला आणि ग्लासाकडे नेला.

"अगं, नको!" मी चमचा काढूनच घेतला. "ढवळू नकोस. सकाळपासून लागलोय."

तिने माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि ग्लास तोंडाला लावला.

मी भिंतीकडे तोंड केलं. मला भिंतींशी बोलता येतं, माणसांशी तितकंसं नाही. वहिनीच्या कॉटसमोरची ती भिंत म्हणजे मी रंगवलेली पहिली भिंत. आठवीत मी शाळा सोडली तेव्हा घरात दोन दिवस कुणी जेवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी वहिनीने एक डबा आणि एक ब्रश आणून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "पुस्तकात मन नाही ना? मग हे धर. तोंड पाडून बसायचं नाही." त्या भिंतीवर ओघळ आहेत, ब्रशचे केस चिकटलेत, एका कोपऱ्यात माझा पंजा आहे. दर वर्षी मी म्हणतो, परत मारून देतो, आणि दर वर्षी ती नाही म्हणते.

"वहिनी," मी भिंतीला म्हणालो, "मला एक मुलगी आवडते."

आणि हळूच वळून पाहिलं. वहिनीचा चेहरा असा आकसला होता, की डोळे, नाक, तोंड सगळं एका जागी जमलं होतं.

"म्हणजे तशी फार नाही आवडत," मी घाईने म्हणालो. "थोडी आवडते. रंगाच्या दुकानात असते. मशीनवर."

पुन्हा पाहिलं. आता चेहरा कोरा. ना हो, ना नाही. प्रायमर मारल्यासारखा.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. ज्याची खरी भीती होती ते मी एका दमात बोलून टाकलं. "ती बारावी झालीय. मी आठवी. ती मला नाही म्हणेल का गं?"

आता बराच वेळ वळायचा धीर झाला नाही. शेवटी वळलो. ग्लास रिकामा होता. वहिनीच्या चेहऱ्यावर गोड, अतिशय गोड भाव होते, निदान न सुजलेल्या बाजूला तरी. आणि डोळ्यांत पाणी होतं.

"वहिनी! म्हणजे तुला पसंत आहे?"

तिने हात वर करून मला थांबवलं. तोंडात दोन बोटं घातली, ब्रशचा एक लांब केस बाहेर काढला, तो बशीत ठेवला आणि कागद ओढला. बराच वेळ लिहीत होती. मी हातातला चमचा घट्ट धरून उभा.

कागदावर होतं: "वर कडू जहर. मध्ये नुसतं दूध. खाली नुसता पाक, तो दाढेच्या जखमेत गेला. ढवळू द्यायचं होतंस रे गाढवा."

म्हणजे तो पहिला चेहरा चहाचा होता. दुसरा दुधाचा. तिसरा पाकाचा. माझं तिने ऐकलं तरी होतं की नाही?

"आणि मी बोललो ते?"

तिने खाली लिहिलं, "कॉटखाली मीच झाडते. सतरा डबे. मला वाटलंच." मग, "तिला विचारलंस?"

"काय?"

तिने "तिला" या शब्दाखाली रेघ ओढली.

"नाही."

"दोन वर्षांत काय बोललास?"

मी खरं तेच सांगितलं. "अर्धा लिटर."

वहिनी हसली. हसली आणि गाल धरून कळवळली, आणि कळवळत पुन्हा हसली, आणि मी काही बोलत नव्हतो तरी माझ्या हातातला चमचा ओढून घेऊन वाटीवर तीनदा आपटला. मग डोळे पुसून तिने लिहिलं, "आधी आठवी सांग. लपवू नकोस. मग बाकीचं." खाली बाकीचं काय बोलायचं तेही नीट चार ओळींत लिहून दिलं. शेवटी बोटाने त्या ओघळलेल्या भिंतीकडे दाखवलं आणि एक ओळ वाढवली: "पहिला हात असाच असतो. जा आत्ता."

मी गेलो.

दुकानासमोर उभा राहून त्या चार ओळी पाठ करण्यातच पाच वाजले. दुकानात गर्दी नव्हती. तिने मान वर केली. "बोला."

चारही ओळी मला पाठ होत्या. मी तोंड उघडलं. "अर्धा लिटर," मी म्हणालो.

"शेड?"

मी कार्डावर कुठेतरी बोट ठेवलं. मशीन थेंब थेंब सोडायला लागलं. तीच म्हणाली, "तो चहा केलात का घरी?"

"वहिनीला दिला. तिच्या दाढा काढल्यात."

"ढवळून दिलात ना? सांगितलं होतं मी."

मी मान हलवली. आडवी.

"अहो, रंगाचा डबा तरी न ढवळता लावता का?" ती हसायला लागली. मग मशीनच्या पडद्यावर काहीतरी टाइप करत बसली, नेहमीपेक्षा जास्त वेळ. स्टिकर निघालं. तिने ते झाकणावर चिकटवलं, अंगठ्याने दाबलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. मी तो घेतला आणि खाली मान घालून घरी आलो.

वहिनी दारातच उभी होती. तिने भुवया उंचावल्या. मी अठरावा डबा पुढे केला.

तिने कपाळाला हात लावला. मग तिची नजर झाकणावर गेली. तिथे एरवी शेडचा नंबर असतो. मी ती स्टिकरं कधी वाचत नाही, मला शेड बघून कळते. वहिनीने डबा डोळ्यांजवळ नेला, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि दीड दिवसात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"भावोजी!"

एरवी ती मला नुसतं 'अरे' म्हणते. भावोजी म्हणाली, की समजायचं, आपण काहीतरी भयंकर केलंय. (सुजेमुळे ते 'फावोवी' असं आलं, पण धाक तोच.) तिने डबा माझ्या हातात आदळला. स्टिकरवर होतं: "पुढच्या वेळी रंग न घेता या. सहाला सुटते."

घड्याळात सहाला दहा कमी होती.

मी इतका कधी पळालो नव्हतो. पोहोचलो तेव्हा ती खांद्याला पर्स लावून दुकानाच्या पायरीवर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे पाहिलं. मीही पाहिलं. डबा माझ्या हातातच होता.

"परत करायचाय का?" तिने विचारलं.

दोन वर्षांची सवय, ती म्हणेल त्याला हो. मी मान हलवली. उभी.

"मशीन बंद केलं मी," ती म्हणाली. "आता बोलावंच लागेल."

"मी आठवीपर्यंतच शिकलोय," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. जणू मी किती वाजले ते सांगितलं होतं. "पुढे?"

पुढच्या चार ओळी पळताना डोक्यातून सांडल्या होत्या आणि वहिनीचा कागद घरी होता. मी आकाशाकडे पाहिलं, पायरीकडे पाहिलं, तिच्या मनगटाकडे पाहिलं. आज तिथे पिवळा ठिपका होता.

"अर्धा लिटर," मी म्हणालो.

ती इतकी हसली, की धरायला काहीतरी हवं म्हणून तिने माझ्या हातातला डबाच धरला. दुसऱ्या बाजूने मी धरलेलाच होता.