दुसरं बोलावणं

"अढीतले आंबे पिकून उतरले हो. लातूरची लेक-जावई येईपर्यंत काळे पडतील," शिवकांताबाई म्हणाल्या.

"येतील. आधी पोरीचं चित्र दिसू दे," संगणकावरून नजर न काढता मडिवाळप्पा गुरुजी म्हणाले.

देगलूरच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर गुरुजी पीएचपी ही संगणकाची भाषा शिकले आणि त्यांनी मुलांच्या चित्रांची वेबसाइट काढली. नात सृष्टीने दिवाळीत आजी, आजोबा आणि म्हैस असं चित्र काढून दिलं होतं. तिघांत म्हैसच हसत होती. सुट्टी लागून आठ दिवस झाले, तरी पोरगी आली नव्हती. चित्र दिसत नाही म्हणून रुसली असेल, असं गुरुजींनी ठरवून टाकलं होतं.

चित्रं लहान करून दाखवणारं मॉड्यूल, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार प्रोग्राम, त्यांनी फोल्डरात आणून ठेवलं, तरी पानावर नुसती चूक उमटत होती.

"आणलंय तर काम का करंना?" बाईंनी विचारलं.

"अगं, पंगतीचं आवतन सकाळीच येतं. पण माणूस लगेच उठतो का? पान वाढलं की दुसरं बोलावणं येतं, तेव्हा उठतो. ह्याला आवतन गेलंय, बोलावणं न्हाई."

गुरुजींनी पानाच्या डोक्यावर बोलावण्याची एक ओळ लिहिली. म्हैस दिसली! दुसरं पान उघडलं, तर तिथे पुन्हा चूक. कारण हा पाहुणा एका पानापुरताच येतो आणि काम झालं की निघून जातो. मग गुरुजींनी ती ओळ प्रत्येक फाइलीत घातली. त्यातल्या पाच फाइली मिळून एक पान होत होतं. पान उघडताच एकाखाली एक चार इशारे आले : 'मॉड्यूल आधीच आलेलं आहे.' म्हैस पार तळाला गेली.

"जेवायला बसलेल्याला पुन्हा पुन्हा बोलावल्यावर चिडंल न्हाई तर काय!" बाई म्हणाल्या.

गुरुजींनी 'आला नसेल तरच बोलाव' अशी अट घातली. सगळं सुरळीत झालं. त्यांनी लगेच लातूरला फोन लावला.

"सृष्टे, दिसलं का चित्र?"

"दिसलं आजोबा. लई भारी."

"मग आता तरी येतीस का?"

सृष्टीने फोन आईकडे दिला. गुरुजींच्या मुलीचा, वर्षाराणीचा, आवाज आला. "अप्पा, शिवरात्रीला 'सुट्टीत या' म्हणालात. त्याच्यानंतर तुमचा फोन आज! हे म्हणतात, सासऱ्यांचं बोलावणं आलं की निघू. पोरगी आठ दिवस झालं बॅग भरून बसलीय."

गुरुजींना एकदम फोल्डरातलं मॉड्यूल आठवलं. तेही बिचारं असंच तयार होऊन बसलं होतं.

"पान वाढलंय गं," ते म्हणाले. "निघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी निघाली. वाटेत उदगीरला पोचली असतील, म्हणून गुरुजींनी फोन केला. तासाभराने पुन्हा केला. मग अर्ध्या तासाने.

"आधी आलेत का ते बघा, मग बोलवा," बाई हसत म्हणाल्या. "कालच शिकलात ना?"

पण अट संगणकाला घालणं सोपं होतं. गुरुजींनी चौथ्यांदा फोन लावला.

"अप्पा," जावई सोमेश म्हणाले, "आम्ही आधीच आलोय!"

आवाज फोनमधून आणि दारातून एकदमच आला.